चौऱ्याहत्तर पत्ते

अक्षतानं पत्ते मोजले. अकरा वर्षांत कुणी मोजले नव्हते. शिवलीला नळ बंद करायला म्हणून आत गेली होती. पिंप भरून पाणी मोरीभर झालेलं, पाचव्या दिवशी येणारं पाणी असं वाया गेलं म्हणून स्वतःवरच चरफडत, पदराला हात पुसत ती बाहेर आली, तर पोरगी टेबलाशी बसून दहा-दहा पत्त्यांच्या गड्ड्या लावत होती. सात गड्ड्या झाल्या होत्या आणि चार पत्ते हातात उरले होते. "दोड्डव्वा, हे चौऱ्याहत्तरच आहेत की," ती म्हणाली, "टॅरोचे अठ्ठ्याहत्तर असतात ना?" आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याकडून सुटे पैसे परत घेताना विचारावं, तेवढ्याच साध्या सुरात तिनं विचारलं. शिवलीलानं मात्र कोरडे झालेले हात पुन्हा पदराला पुसले. एखादा पत्ता हरवला असेल, असं म्हणता आलं असतं. जुना कॅट आहे, असंही चाललं असतं. पण चार? आणि कुठले चार, हे पोरीनं अजून विचारलं नव्हतं, ते ती विचारणार होती.

अक्षता म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची, महानंदाची एकुलती एक लेक. आईच्या थोरल्या बहिणीला त्यांच्यात दोड्डव्वा म्हणतात. घराबाहेर मराठी आणि उंबऱ्याच्या आत कानडी, असं सोलापुरात बाळीवेशीतल्या निम्म्या घरांत चालतं तसं त्यांचंही. तीन वर्षांपूर्वी पोरगी दुधनीला दिली. डाळीचे मोठे व्यापारी, दोन मजली घर, पुढं दुकान, मागं गोदाम. दीड महिन्यापूर्वी ती एका बॅगेनिशी माहेरी आली आणि आज चार वाजता तिला न्यायला ती माणसं येणार होती. महानंदानं सकाळीच फोन करून सांगितलं होतं की अक्षता तुझ्याकडं येतीय, तिचं मन द्विधा आहे, पत्ते बघ आणि समजाव. आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, लग्नाचाच कॅट काढ बघ, असंही ती म्हणाली होती. शिवलीलानं तो काढून ठेवला. काही विचार केला म्हणून नव्हे. हात कपाटाकडं गेला आणि त्यानं तोच उचलला. आता तिला वाटत होतं की हातावर ढकलून भागणार नाही, हात तिचाच होता.

भविष्य बघायच्या या पत्त्यांचे नऊ कॅट होते तिच्याकडं. इंटरनेटवरच्या पोरी त्याला डेक म्हणतात आणि डेकच तुम्हाला हाक मारतो वगैरे सांगतात. हाक कसली डोंबलाची. शिवलीला दारातल्या चपला बघायची. चपलांचे दोन जोड असले, एक झिजलेला आणि एक उंच टाचेचा, म्हणजे आई लेकीला घेऊन आली, स्थळ पक्कं झालेलं आहे, फक्त कुणीतरी वरून होकार द्यायचा आहे. मग लग्नाचा कॅट. बुटांचे तीन-चार जोड असले की भाऊभाऊ वाटणीसाठी आले, त्यांना काळ्या-पांढऱ्या चित्रांचा, कारण रंग दिसला की पुरुषमाणसांना तो पोरखेळ वाटतो. दुखण्याला पानाफुलांचा, त्यात माणसाचं एकही चित्र नाही. पूर्वी म्हाताऱ्याचं चित्र आलं की बायका हे आमचे मामंजीच म्हणून रडायला लागायच्या, म्हणून तो मुद्दाम मागवला. नोकरी-परीक्षेला सोनेरी कडांचा. आणि चपलांचा एकच जोड असला, बाई एकटी आली असली, तर तो पहिला, नव्या पेठेतल्या रद्दीवाल्याकडं रबर लावून पडलेला, कडा काळ्या झालेला, पुरता अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा. प्रत्येकाला खणाची पिशवी होती. शेजारच्या रुक्सानानं शिवून दिलेली. रुक्सानानं आजवर एक पत्ता कधी विचारला नाही. ती शिवणयंत्रावर वाकूनच हसायची आणि म्हणायची, पत्ते कायको बोलते गे, सब तूच बोलती. शिवलीलाला ते ऐकून बरं वाटायचं. कौतुकच वाटायचं ते तिला, इतकी ती मूर्ख होती.

चार पत्ते तिनं एकदम काढले नव्हते. लग्नाचा कॅट नवा कोरा परदेशातून आला, फिकट गुलाबी, निळा, बायकांचे पायघोळ झगे वाऱ्यावर उडताहेत, सगळं कसं सोज्वळ. आठवड्यात एका आईसमोर कोसळता मनोरा निघाला. वीज पडलेली, माणसं खिडकीतून खाली येताहेत. त्या बाईनं चहाचा कप तसाच ठेवला, लेकीच्या दंडाला धरून उठली आणि शिवलीलाची जीभ काळी आहे हे चार गल्ल्यांत सांगत फिरली. दोन महिने दाराशी चप्पल नाही. मग तिनं मनोरा काढून टाकला. पुढं तीन तलवारी घुसलेलं काळीज काढलं, मग सैतानाच्या साखळीत अडकलेलं जोडपं. शेवटी ती बाई, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर, चहूकडून आठ तलवारी रोवलेल्या आणि ती मधे उभी. तांदळातले खडे काढावेत तसे काढले आणि मन शांत झालं. उरलेल्या चौऱ्याहत्तरांत दुःखच नव्हतं असं नाही, थोडं होतं, चवीपुरतं. त्यात कुणाला काही खोटं वाटलं नाही. आणि तिलाही नाही, हे जास्त वाईट. कुठल्या माणसाला कुठला कॅट ही पारख आहे, ती प्रत्येकाला येत नाही, असं ती स्वतःला सांगत आली. उत्तर कॅट निवडतानाच दिलं जातं, पत्ते नंतर नुसते मांडायचे असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी पत्ता उलटताना तिचा श्वास दर वेळी खरोखर अडकायचा.

आणि असं का करू नये तिनं? तिच्या वाट्याला काय आलं होतं? नवरा हुबळीला दुसरं घर मांडून बसला त्याला सव्वीस वर्षं झाली. तो जिवंत होता म्हणून कपाळाला कुंकू होतं, आणि तो दुसरीकडं होता म्हणून तिला ओटी भरायला कुणी बोलवत नव्हतं. सोमलिंगमामाच्या मुलीच्या लग्नात हळदीची वाटी तिच्या हातात आली, तेव्हा महानंदाच्याच सासूनं ती अलगद काढून घेतली होती, तू बस की, दमली असशील, असं म्हणून. इतक्या मायेनं म्हणाली होती की रडताही आलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाणे कुटत बसली. पुढची कितीतरी लग्नं तिनं अशीच कुटण्यात घालवली. मग पत्ते आले आणि हळूहळू माणसं तिला विचारायला लागली. आधी चोरून, मग उघड. साखरपुड्याच्या आधी अक्कांना विचारा म्हणायला लागली. पुढची खुर्ची मिळाली. स्वामी आले की त्यांच्यानंतर चहा तिला. एकदा त्या खुर्चीची सवय झाली की उठणं अवघड असतं बाबा. हे तिला आज, या घटकेला, पोरीसमोर उभं राहून कळत होतं आणि स्वतःची किळस येत होती.

तीन वर्षांपूर्वी दारात चपलांचे तीन जोड होते. महानंदा, अक्षता आणि महानंदाची जाऊ. पण त्याच्या चार दिवस आधी दुधनीच्या घरी बैठक झाली होती आणि शिवलीला पुढच्या खुर्चीत होती. मल्लेश पांढऱ्या शर्टात, नम्र, वाकून नमस्कार करणारा. त्याचे वडील गुरुबसप्पा हसतमुख, गोड बोलणारे. आणि मल्लेशची आई चहा घेऊन आली. ट्रे ठेवताना कपातला चहा बशीत सांडला. एवढंच. मल्लेशनं आईकडं नुसतं बघितलं, काही बोलला नाही, चेहऱ्यावरचं हसू तसंच. त्या बाईचा हात थरथरायला लागला. कपबशी कुडकुडत राहिली, तिनं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली. पुढं तासभर ती बाई प्रत्येक वाक्याआधी मुलाकडं बघायची, पाणी पिण्याआधीसुद्धा. शिवलीलाला सगळं दिसलं. तिला पत्ते लागलेच नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत ती महानंदाला म्हणाली, पोरगा तापट वाटतो गं. महानंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, असं म्हणतात खरं, पण घर बघ की, आणि आमचा शब्द गेलाय. मग चार दिवसांनी त्या तिघी आल्या. शिवलीलानं चपला बघितल्या, कपाट उघडलं, गुलाबी कॅट काढला. सूर्य आला, चार खांबांचा मांडव आला, आणि अक्षता, तेव्हा तेवीसची, दोन्ही हात गालांवर ठेवून हसली होती. लग्नात अगदी पुढं, दुसऱ्याच रांगेत बसवून शिवलीलाला मानाचं लुगडं मिळालं. जांभळं, रुंद काठाचं. अजून घडी मोडलेली नाही.

गोदामाची गोष्ट अक्षतानं आईला सांगितली आणि आईनं शिवलीलाला, निम्मी गाळून. मल्लेश हात उगारत नाही. ती उलट बोलली, किंवा त्याला ती उलट बोलली असं वाटलं, की तो तिला मागच्या गोदामात नेऊन बाहेरून कुलूप लावतो. तूरडाळीच्या पोत्यांमधे, पत्र्याखाली. गेल्या मे महिन्यात, सोलापूरकडच्या मे महिन्यात, दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत. बाहेर आली तेव्हा सासूनं तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. महानंदा हे सांगताना म्हणाली होती की आता ते लोक कबूल झालेत, पुन्हा असं होणार न्हाय म्हणतात, आणि माहेरी किती दिवस ठेवणार, लोक विचारतात. शिवलीला हं म्हणाली होती.

"पुरा कॅट हाय का एखादा?" अक्षतानं विचारलं. शिवलीलानं तो रद्दीवाल्याकडचा आणून दिला. पोरीनं तोही मोजला. सावकाश, ओठ हलवत. अठ्ठ्याहत्तर भरले. मग तिनं ते पिसले, शिवलीलानं शिकवलेलं होतं तसं डाव्या हातानं दोन भाग केले आणि म्हणाली, एकच काढते, जाऊ का नको एवढंच बघायचंय. शिवलीला तिच्या बोटांकडं बघत होती. बोटं बारीक झाली होती, अंगठी सैल होऊन पेराला अडकलेली. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा देवाकडं वाईट पत्ता मागितला. मनोरा येऊ दे. ती दोरानं बांधलेली बाई येऊ दे. तलवारी येऊ देत, दहाच्या दहा येऊ देत. अक्षतानं पत्ता उलटला. दहा प्याले. आभाळात इंद्रधनुष्यावर ओळीनं मांडलेले सोन्याचे दहा प्याले, खाली नवराबायको एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे, शेजारी दोन पोरं फेर धरून नाचताहेत, मागं छोटं घर. अडाण्यालाही कळावा असा पत्ता. सगळ्या अठ्ठ्याहत्तरांत संसाराला याच्याहून चांगला पत्ता नाही.

तिनं तो उलटा आलाय, म्हणजे अर्थही उलटा, असं म्हणायचा विचार केला, पण तो सुलट होता, अगदी पोरीच्या नाकासमोर. मग ती खुर्ची ओढून अक्षताच्या जवळ बसली आणि जन्मात कुणाला म्हणाली नव्हती ते म्हणाली. "यात काही नसतं गं. कागद हायेत हे. तू जाऊ नको."

"मग माझ्या लग्नाच्या वेळी कोण बोललं?" अक्षता म्हणाली.

शिवलीलानं तिला सगळं सांगितलं. चहा, बशी, त्या बाईचा हात, गाडीतलं बोलणं, काढून टाकलेले चार पत्ते आणि ते कुठले ते. सांगताना तिला वाटत होतं की पोरगी आता रडेल, आपल्याला दोन शिव्या देईल, आणि मग आपण तिला जवळ घेऊ. अक्षता रडली नाही. तिनं फक्त एक गोष्ट पुन्हा विचारली, तुला दिसलं होतं? शिवलीला म्हणाली, दिसलं होतं. मग पोरगी बराच वेळ त्या दहा प्याल्यांकडं बघत बसली. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागं घेताना त्याची शिटी वाजत होती आणि रुक्सानाचं यंत्र चालू होतं. आपण माफी मागायला हवी, हे शिवलीलाच्या मनात आलं, आणि कशी मागतात हे तिला आठवेना.

"चार वाजता ये," अक्षता शेवटी म्हणाली. "पत्ते आणू नको. सगळ्यांसमोर म्हण, पोरगी जाणार न्हाय. मला त्याच्यासमोर बोलता येत न्हाय, दोड्डव्वा, तोंडच उघडत न्हाय माझं. तू बोललीस तर मी तुझ्यामागं येऊन उभी राहते. तू गप्प बसलीस तर मी जाते." तिनं चप्पल घातली. जिन्यात तिची पावलं ऐकू आली, एका पायरीवर थांबलेली, मग पुन्हा उतरलेली.

साडेतीनला शिवलीला रिक्षात बसली. घामानं पाठ सीटला चिकटत होती. सात रस्त्यापर्यंत तिनं वाक्य तयार केलं, विजापूर रोडला ते बदललं. पोरगी जाणार नाही. आमची पोरगी येणार नाही. गुरुबसप्पा, तुमच्या गोदामाची किल्ली कुणाकडं असते? हे तिला आवडलं. असं विचारलं की बैठकीत कुणाला मान वर करता येणार नाही. छातीत बरं वाटत होतं, इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं तसं मोकळं. महानंदानं बोलणं तोडलं तर तोडू दे. खुर्ची गेली तर गेली, शेंगदाणे कुटायला हात अजून शाबूत आहेत. ती रिक्षावाल्याला लवकर घे रे म्हणाली, आणि जुळे सोलापुरात बहिणीच्या दाराशी पांढरी गाडी दिसली तेव्हा ती जवळजवळ उडी मारूनच उतरली.

आत गेली तर सगळे उठून उभे राहिले. गुरुबसप्पांनी हात जोडले, या अक्का, म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो. मल्लेश पुढं येऊन पाया पडला. तेच हसू, तोच पांढरा शर्ट. महानंदा लगबगीनं म्हणाली की दहा प्याले आले म्हणं, पोरीनंच सांगितलं, मी सगळ्यांना सांगितलं बघ. तिचे डोळे भरून आले होते. मल्लेशची आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. समोर पाण्याचा पेला, तिनं मुलाकडं बघितलं आणि मग पेला उचलला. अक्षता आतल्या दाराच्या चौकटीत, हिरव्या साडीत, हातात बॅग नव्हती. बॅग भिंतीशी उभी होती. ती शिवलीलाकडं बघत होती. नुसती बघत होती, मागत काही नव्हती.

शिवलीलानं तोंड उघडलं. तेवढ्यात गुरुबसप्पा म्हणाले, तुमच्यामुळं आमचं घर पुन्हा मार्गी लागतंय अक्का, आज ओटी तुमच्याच हातनं भरायची, आम्ही ठरवून आलोय. महानंदाची सासू, हळदीची वाटी काढून घेणारी तीच, हातात ताट घेऊन आली. खण, तांदूळ, नारळ, हळकुंडं. ताट शिवलीलाच्या हातात दिलं. जड होतं. पाट मांडला होता, अक्षता येऊन त्याच्यावर उभी राहिली आणि तिनं पदर पुढं धरला. बोलायचं ते आत्ता, शिवलीलाला वाटलं. कुंकू लावून होऊ दे, मग. तिनं कुंकू लावलं. अंगठ्याखाली पोरीचं कपाळ थंडगार होतं. खण ठेवते आणि मग बोलते. तिनं खण ठेवला. तांदळाची एक ओंजळ, दुसरी, आता बोलते, तिसरी. सगळे तिच्या हातांकडं बघत होते, मान थोडी झुकवून, देवळात उभं राहतात तसे, आणि तिच्या हाताला कंप नव्हता. अक्षता खाली पदराकडं बघत नव्हती. ती शिवलीलाच्या ओठांकडं बघत होती. पाच ओंजळी झाल्या. नारळ ठेवला. पदर खाली ओढला गेला तसं पोरीनं दोन्ही हात आवळले. ताटात आणखी काही राहिलं नव्हतं, तरी शिवलीलानं एकदा ताटात बघितलं.

मल्लेशनं भिंतीशी असलेली बॅग उचलली. अक्षता पाटावरून उतरली, भरली ओटी सावरत वाकली आणि शिवलीलाच्या पायांना हात लावला. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"येते दोड्डव्वा," ती म्हणाली.

"ये," शिवलीला म्हणाली.